कंठ आणि कागद : तापीकाठच्या स्त्रीवाणीचा इतिहास

तापी नदी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात वऱ्हाडचा उत्तर भाग, खानदेश आणि दक्षिण गुजरात हे तीन प्रदेश पाठोपाठ येत असल्याने राज्यांच्या सीमा कितीदाही बदलल्या तरी माणसांची, मालाची आणि बोलींची ये-जा येथे अखंड चालू राहिली. सुरत शहराच्या दक्षिणेला असलेले उधना हे या खोऱ्याचे आजचे एक दार आहे. मुंबई-सुरत लोहमार्गावरील हे जंक्शन असून तेथून फुटणारा मार्ग बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी स्थानके घेत जळगावला पोचतो, आणि याच मार्गाने आलेल्या खानदेशी कुटुंबांनी उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत मोठी मराठी वस्ती उभी केली. उधन्याचा इतिहास सहसा यंत्रमागांचा, साड्यांचा आणि कामगारांचा म्हणून सांगितला जातो. परंतु याच वाटेवर मराठी स्त्रियांच्या शब्दांचाही एक इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ या रेल्वेच्याही आधी, सुरतेच्या न्यायालयात उभ्या केल्या गेलेल्या एका विधवेच्या खटल्यापासून होतो.

१८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर, वैधव्यात झालेल्या मुलाची लोकलज्जेपोटी हत्या केल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि सुरतेच्या सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. अपिलानंतर या शिक्षेचे रूपांतर काळ्या पाण्यात, म्हणजे समुद्रापलीकडील हद्दपारीत, झाले. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता देऊन तेव्हा पंचवीस वर्षे लोटली होती. १८५६ चा तो कायदा पुस्तकात होता आणि उच्चवर्णीयांच्या घरांत मात्र विधवेचे केस काढणे, तिला एकवेळ जेवू घालणे, तिचे तोंड अशुभ मानणे हे सारे पूर्ववत चालू होते. अशा स्त्रीला दिवस गेले तर तिच्यापुढे गुपचूप गर्भपात, जन्मलेल्या मुलाचा जीव घेणे किंवा स्वतःचा जीव देणे यांपलीकडे वाट उरत नसे, आणि यांपैकी काही उघडकीला आले की आरोपीच्या पिंजऱ्यात ती एकटीच उभी राही. ज्याच्यामुळे हे घडले तो पुरुष फौजदारी कायद्याच्या दृष्टीने कोणीच नसे.

हे घडले ते शहर मागासलेले होते असेही नाही. दुर्गाराम मेहताजी या शिक्षकाने १८४४ मध्येच सुरतेत मानवधर्म सभा स्थापून रूढींवर जाहीर टीका आरंभली होती आणि विधवाविवाहाचा पुरस्कार केला होता. सुरतेचाच कवी नर्मद याने आपल्या ‘दांडियो’ या पाक्षिकातून रूढिप्रियांवर कोरडे ओढले आणि १८६९ साली स्वतः एका विधवेशी लग्न केले (त्याची आधीची पत्नी त्या वेळी हयात होती, ही गोष्ट त्याच्या सुधारकत्वाची चर्चा करताना बहुधा दबक्या आवाजात सांगितली जाते). बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध १८८४ मध्ये टिपणे प्रसिद्ध करून साऱ्या देशभर वाद पेटवणारे बेहरामजी मलबारी यांचेही बालपण व शिक्षण सुरतेतच झाले. विधवेविषयी बोलणारे पुरुष, थोडक्यात, या शहराने पुष्कळ दिले. विधवा स्वतः जे बोलली ते मात्र कोर्टाच्या कारकुनाने उतरवून घेतलेल्या जबानीपुरते राहिले.

मलबारींच्या टिपणांवर ज्यांची मते मागवण्यात आली त्यांत जोतीराव फुले होते. त्यांनी दिलेल्या उत्तरात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेची हकिकत आहे. तिने मुलाला मारल्याबद्दल तिला अंदमानला पाठवण्यात आले होते. अशाच घटनांनी हादरून फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते, म्हणजे विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल तेथेच ठेवून जावे अशी सोय केली होती, आणि तेथे ३५ विधवा येऊन गेल्याचे फुल्यांनी नमूद केले आहे. विजयालक्ष्मीचा खटला, तेव्हा, अपवाद नव्हता. त्याचे वेगळेपण पुढे जे लिहिले गेले त्यात आहे.

खटल्याचा बोभाटा वृत्तपत्रांतून झाला. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने या निमित्ताने एकट्या विजयालक्ष्मीला नव्हे तर एकंदर स्त्रीजातीलाच धारेवर धरले आणि स्त्रियांच्या वाढत्या सैलपणाची तक्रार मांडली. सुरतेतील निकाल मुंबईत, मुंबईहून पुण्याच्या छापखान्यात, आणि तेथून छापील रूपात वऱ्हाडात, असा हा प्रवास होता. तापीच्या खोऱ्यातून जाणारी रेल्वे अजून नसल्यामुळे एकाच नदीच्या खोऱ्यातील बातमीला सह्याद्री ओलांडून, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मार्गाने मलकापूर गाठून, वर घाट चढून बुलढाण्याला पोचावे लागे. तेथे ती वाचणाऱ्यांत ताराबाई शिंदे होत्या.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. चार भाऊ असलेल्या या एकुलत्या एका मुलीला त्यांनी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. मराठा घरातील गोषाची चाल पाहता ही गोष्ट साधी नव्हती. ताराबाईंचे लग्न झाले, पण नवरा घरजावई म्हणून त्यांच्याच घरी आला आणि त्यांना मूल झाले नाही. सासरचा धाक नाही, पदरी लेकरू नाही आणि हाताशी वडिलांची पुस्तके आहेत, अशी स्थिती त्या काळी किती मराठी स्त्रियांच्या वाट्याला आली असेल याचा विचार केला म्हणजे एका पुस्तकामागे किती योग जुळून यावे लागत हे ध्यानात येते.

‘स्त्रीपुरुषतुलना’ हा त्यांचा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. त्याच्या ५०० प्रती निघाल्या आणि किंमत नऊ आणे ठेवण्यात आली. स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हे स्पष्ट करून दाखवणे हा निबंधाचा हेतू असल्याचे मुखपृष्ठावरच सांगितले आहे, आणि येथे ‘साहसी’ या शब्दाचा आजचा अर्थ घेतला तर सारा मुद्दा हातचा जातो. जुन्या धर्मशास्त्रात व नीतिग्रंथांत साहस म्हणजे अविचाराने, बळजोरीने केलेले दुष्कृत्य. दंडनीतीत तर तो गुन्ह्याचा एक वर्गच होता, आणि स्त्रियांच्या उपजत दोषांच्या याद्यांत साहसाला हमखास स्थान असे. ताराबाईंचा प्रश्न असा होता की, जे दुर्गुण शास्त्रकारांनी, कवींनी आणि आता वृत्तपत्रकारांनी बायकांच्या नावावर मांडले आहेत, ते खरोखर कोणाच्या खात्यावर जमा व्हावेत.

या प्रश्नाची मांडणी त्यांनी ज्या रीतीने केली ती आजही थक्क करणारी आहे. स्त्रीस्वभावाची निंदा करणारा एक प्रसिद्ध संस्कृत श्लोक घेऊन त्यातील एकेक विशेषण त्या हाती धरतात आणि ते पुरुषाला कसे चपखल बसते हे दाखवत जातात. कपट, अविवेक, चंचलपणा, उद्धटपणा असा प्रत्येक आरोप कचेरीतील लाचखाऊ, घरी पत्नी असून बाहेर फिरणारा, साठीत दहा वर्षांच्या मुलीशी बोहल्यावर चढणारा, तीर्थक्षेत्री सोवळ्याचा आव आणणारा अशा ओळखीच्या पुरुषांच्या अंगावर चढवून त्या पुढे सरकतात. नवरा हा देव आहे असे शास्त्र सांगत असेल तर त्याने देवासारखे वागावे, एवढी त्यांची अपेक्षा. बायको मेली की नवऱ्याला लगेच दुसरी आणता येते आणि नवरा मेला की बायकोने मात्र जिवंतपणीच मरावे, हा न्याय कोणत्या देवाने लावून दिला असे त्या विचारतात. भाषा घरातली, चुलीपुढची आहे. म्हणी, टोमणे, शिव्याशाप यांनी ती ठसठशीत झाली आहे, आणि संतापाच्या भरात वाक्ये कोठे संपतात याचेही भान सुटते. विद्वानांनी हा दोष मानला, परंतु बायकांच्या भांडणातली ही लय छापील मराठी गद्यात तोवर कोणी आणलीच नव्हती.

ताराबाईंच्या रागाला आणखी एक लक्ष्य होते, ते म्हणजे पुरुषांनी रचलेले साहित्य. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्या आणि ‘मनोरमा’ हे नाटक यांतील नायिका कशा खोट्या, सुखदुःखांचा कसलाच अनुभव नसलेल्या लेखणीतून उतरलेल्या आहेत हे त्यांनी दाखवले. सामाजिक निबंधात वाङ्मयाची ही झडती का, असा प्रश्न पडू शकतो. पण विजयालक्ष्मीला दोषी ठरवणारे मन या कथा वाचूनच घडले होते, हे ताराबाईंना नेमके उमगले होते. सुधारकांनाही त्यांनी सोडले नाही. सभा भरवाव्यात, टाळ्या घ्याव्यात आणि घरी जाऊन रूढीपुढे मान तुकवावी, ही सुधारकांची तऱ्हा त्यांच्या उपहासाचा विषय झाली. येथे नर्मदाचा शेवट आठवल्यावाचून राहत नाही: विधवेशी लग्न करणारा हा बंडखोर उत्तरायुष्यात जुन्या धर्माच्या बाजूला झुकला आणि आपल्या पूर्वीच्या सुधारकी मतांपासून त्याने फारकत घेतली.

निबंधाचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना करणे अवघड नाही. विरोधकांनी झोडपले हे तर अपेक्षितच होते, पण सत्यशोधकांच्या वर्तुळातूनही नाके मुरडली गेली, आणि १८८५ साली काढलेल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात फुल्यांना ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. आपल्याच मंडळींनी या लेखनाची हेटाळणी करावी याची त्यांना चीड आली होती. त्यानंतर ताराबाईंचे नाव छापील कागदावरून नाहीसे होते. १९१० च्या सुमाराला त्या वारल्या, आणि मधल्या जवळपास तीन दशकांत त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. निबंधाची एक जुनी प्रत हाती आल्यावर स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो संपादून पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा ९३ वर्षे झाली होती. भारतातील स्त्रीवादी विचाराच्या इतिहासात तो आज पायाचा ग्रंथ मानला जातो, आणि या मानाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र एका गुजराती विधवेच्या शिक्षेने मराठीत हा ग्रंथ लिहवला, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत जितक्या ठळकपणे यावी तितकी येत नाही.

पुढे १९०० च्या सुमाराला तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि सुरत व अमळनेर लोहमार्गाने जोडले गेले. ब्रिटिश सुरत जिल्ह्यातून निघालेली गाडी व्यारा-सोनगड या बडोदे संस्थानाच्या मुलखातून जाऊन पुन्हा ब्रिटिश खानदेशात शिरे, आणि या एकाच मार्गावरील दोन मुलखांत मुलींचे नशीब वेगवेगळे होते. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात मुलामुलींसाठी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले, त्यामुळे कायद्यापुरते तरी व्याऱ्यातील शेतकऱ्याच्या मुलीने शाळेत जायलाच हवे होते. त्यांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई यांनी १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला (मुखपृष्ठावर त्यांच्याबरोबर एस. एम. मित्र या पुरुष सहलेखकाचे नाव आहे) आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. राणीचा आवाज असा ऐकू गेला. त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, जळगावात, मराठी कवितेतील सर्वांत विलक्षण आवाजांपैकी एक या सगळ्या काळात जात्याच्या घरघरीत मिसळलेला होता.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोदे येथे उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या पोटी झाला, म्हणजे सुरतेचा खटला चालला तेव्हा त्या जेमतेम वर्षाच्या होत्या. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी लग्न झाले, तिशीत वैधव्य आले, आणि ओंकार, सोपान व काशी या मुलांना वाढवत, वाटण्या आणि भाऊबंदकीत तगत त्यांनी शेतीचे व घराचे सारे काम ओढले. ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी जे रचले ते दळताना, कांडताना, निंदणी-कापणी करताना, विहिरीवर मोट चालू असताना, आणि रचले तसे गाऊन सोडून दिले.

अशा गाण्याला मराठी घरांत जी जागा होती ती समजून घ्यायला ओवी हा छंद पाहावा लागतो. ज्ञानेश्वरांची ग्रंथओवी आणि स्त्रियांची जात्यावरची ओवी यांचे नाते असले तरी दुसरीला मापे जात्याच्या फेऱ्याने घालून दिली आहेत: खुंटा एकदा फिरला की चरण पडतो, दाण्याची नवी मूठ घालताना श्वास मिळतो आणि समोर बसलेली जाऊ किंवा नणंद पुढचा चरण उचलते. पहाटेच्या या तासाला पुरुष झोपलेले असत. सासूची कुरबूर, भावाची वाट पाहणे, न आलेले माहेरचे बोलावणे, विठ्ठलाला दिलेला दम, हे सगळे ओवीत येऊ शके, कारण ते कोणाला उद्देशून बोललेले नसे. दळण संपे आणि बोलणेही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यांत फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, यावरून या न लिहिलेल्या वाङ्मयाचा विस्तार कळतो.

त्यांच्या पुष्कळ आधी हे काम एका शिक्षकाने केले, आणि तेही या लोहमार्गावरच्या गावाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले अशा शिक्षकाने. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. पुढे त्यांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. संग्रहाचे मोल मोठे आहे. पण त्यात माय, लेक, बहीण, सासुरवाशीण या नात्यांनी ओव्यांची मांडणी होते, गाणारीचे नाव उरत नाही. नात्यांच्या बाहेर तिला उभे राहायला जागा मिळत नाही. लोकसाहित्य म्हणून जे जपले जाते त्याची ही नेहमीची किंमत आहे.

बहिणाबाईंचे नाव उरले ते पोटचा मुलगा कवी निघाला म्हणून. सोपानदेव चौधरी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईची गाणी ऐकता ऐकता उतरवून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. मराठी वाचक चकित झाले, पाठ्यपुस्तकांत कविता गेल्या, १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून त्यांचे शब्द सुमन कल्याणपूर यांच्या गळ्यातून घरोघर पोचले, आणि २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. वहीच्या शोधाची ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की कवयित्री जणू १९५२ मध्येच जन्मली असे वाटावे. वस्तुतः बहिणाबाईंना श्रोते नव्हते असा काळ कधीच नव्हता: शेजारणी होत्या, रोजाच्या बायका होत्या, लग्नाकार्यात जमणारा गोतावळा होता, आणि या साऱ्यांनी बहिणाबाईंना चांगली गाणारी बाई म्हणून ओळखलेले होते. अत्र्यांनी शोधली ती कागदावरची बहिणाबाई.

त्यांच्या भाषेबद्दलही एक गैरसमज येथे दूर करायला हवा, कारण त्याचा उधन्याशी संबंध आहे. बहिणाबाईंची कविता अहिराणीत आहे असे सर्रास म्हटले जाते. ती आहे लेवा गणबोलीत, म्हणजे पूर्व खानदेशातील लेवा पाटीदार समाजाच्या बोलीत, जी मराठीच्या वऱ्हाडी वळणाला जवळची आहे. अहिराणी ही धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम तालुक्यांतील बोली असून तिच्यात गुजराती व भिली यांच्याशी जुळणाऱ्या खुणा पुष्कळ आहेत, इतक्या की जनगणनेत ‘खानदेशी’ ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते. २०११ मध्ये ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे १८.६ लाख होते. सुरतेकडे जी माणसे गेली त्यांत या पश्चिमेकडील अहिराणी बोलणाऱ्यांचा भरणा मोठा आहे.

ही माणसे गेली त्यामागे दुष्काळ होता, कोरडवाहू शेतीचे लहान होत गेलेले तुकडे होते, खानदेशातील जुन्या कापड गिरण्यांची पडझड होती आणि दुसऱ्या बाजूला सुरतेत कृत्रिम धाग्याच्या कापडाचा वाढता धंदा होता. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढत गेला. उधन्याची औद्योगिक वसाहत त्याआधीच उभी राहू लागली होती. तिच्याभोवती यंत्रमागांचे कारखाने, रंगाई-छपाईच्या मिला आणि कामगारांच्या चाळी पसरल्या, आणि नंदुरबारहून रात्रीच्या गाडीत बसलेला माणूस सकाळी पाळीवर हजर होऊ शकतो या सोयीने गाव आणि कारखाना एकमेकांना जोडले गेले. वाटेत नवापूरच्या स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला तेव्हा लोकांनी शहर सोडून पळ काढला, आणि खानदेशाकडे जाणाऱ्यांनी याच गाड्या भरून गेल्या; ओंकारच्या आईच्या पिढीला माहीत असलेला रोग नातवंडांच्या पिढीला शहरात भेटला.

यंत्रमागाच्या खात्यात माग चालवणारा पुरुष असतो. बायकांच्या वाट्याला येते ते घरी बसून करायचे काम: भरतकाम झालेल्या साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापणे, टिकल्या व खडे चिकटवणे, काठाला लेस लावणे. दाम नगावर ठरतो, माल दलाल आणून टाकतो आणि नेतो, आणि कारखान्याच्या पटावर या हातांची नोंद नसते. साडी बाजारात जाते ती कारखानदाराच्या छापाने. ओवीवर गाणारीचे नाव नसे, तसेच हे आहे. फरक इतकाच की ओवीला दलाल नव्हता.

भाषेच्या बाबतीत उधन्याची खानदेशी बाई तीन पायऱ्यांवर उभी असते. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती किंवा हिंदी, आणि मुलांच्या शाळेत मराठी, कारण सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालवते. शाळेतील मराठी तिच्या मुलीला लिहायला शिकवते, पण ज्या बोलीत आई गाते ती बोली तेथे फळ्यावर येत नाही. पुस्तकातील बहिणाबाईंची कविता मुलीला आपली वाटते आणि तरी ती आजीच्या तोंडची नसते. सार्वजनिक जीवनात मात्र या वस्तीतील बाईचा आवाज उमटू लागला आहे: शेजारच्या लिंबायत मतदारसंघातून २०१२ पासून संगीता पाटील गुजरात विधानसभेवर सतत निवडून आल्या आहेत, आणि मराठी आडनावाची स्त्री गांधीनगरात बसते याचे या वस्त्यांना अप्रूप आहे.

जाते गेले. विजेची गिरणी कोपऱ्यावर आहे, आणि तिच्या आवाजात गाणे शक्य नाही. जात्यावरच्या ओवीला जी एकांताची जागा होती ती चाळीतील एका खोलीत सापडत नाही, म्हणून टिकली आहेत ती समूहाची गाणी: हळदीची, लग्नाची, आखाजीची. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात त्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई मांडतात, झोके बांधतात आणि त्यावर बसून सासरचे वाभाडे काढणारी गाणी म्हणतात. बहिणाबाईंनी या सणावर कविता केली आहे. शहरात झोके दुर्मिळ झाले तरी गाणी राहिली आहेत.

याहून मोठा गजर श्रावणात होतो. कानबाई ही खानदेशाची ग्रामदेवता. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नाक व दागिने लावून तिची स्थापना होते, रात्रभर जागर चालतो आणि सोमवारी मिरवणुकीने विसर्जन होते. स्थलांतरितांनी हा सण आपल्याबरोबर सुरतेला आणला, आणि आता उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत त्या दोन दिवसांत अहिराणी गाणी ध्वनिक्षेपकावर ऐकू येतात. जागरात म्होरक्या बायका असतात. एकजण उचलते, बाकीच्या धरतात. देवीच्या वर्णनात सासूचा उल्लेख घुसतो, गावाचे नाव येते, रेल्वे येते, आणि जुन्या चालीत नवा चरण बसवणारी बाई त्या रात्रीपुरती साऱ्या गल्लीची कवयित्री असते. तरुण मुली हे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतात, म्हणजे सोपानदेवांची वही आता लेकीच्या हातात आली आहे.

या सणाच्या नैवेद्याला रोट म्हणतात. गहू आणि हरभऱ्याची डाळ दळून आणून, स्त्रियांनीच रांधून तो भाऊबंदांत वाटला जातो, बाहेरच्याला दिला जात नाही. धान्य काढताना अनेक घरांत आजही जुना हिशेब पाळतात: घरात जितके पुरुष, लहान मुलगाही त्यात धरून, तितक्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे. मूठ भरते ती बाई, गाणे म्हणते तीच, आणि मोजणीत तिचे नाव घेतले जात नाही.